रॉकेटचा व्हॉल्व्ह आणि तासगावची बाग

पत्राचा गोषवारा : सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत वडिलांचं मशिनशॉप आहे. चार लेथ, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशिनं), अकरा कामगार. बावीस वर्षं पंपांचे शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हचे भाग असं जॉबवर्क चालतं. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या थोडी वर. पत्र लिहिणारी त्यांची मुलगी, वय ३१, मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात विमानांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात पाच वर्षं काढून ती दोन वर्षांपूर्वी घरी परतली. जुन्या ओळखीतून तिला दक्षिणेतल्या एका खासगी रॉकेट स्टार्टअपचं नमुन्याचं काम मिळालं. व्हॉल्व्ह बॉडीचे चाळीस नग दिले, अडतीस पास झाले, पैसे एकोणसत्तर दिवसांनी आले. आता ते ‘वर्षाला साठ लाखांपर्यंत’ काम देऊ म्हणतात, पण त्यासाठी फाइव्ह-अ‍ॅक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर फिरून भाग कापणारं मशिन हवं. कर्ज १ कोटी ३० लाखांचं. बँकेने तारण म्हणून राहतं घर आणि तासगावकडची दोन एकर द्राक्षबाग मागितली आहे आणि उत्तर दसऱ्याआधी हवंय.

वडील म्हणतात, “इस्रोचं काम असतं तर डोळे झाकून घेतलं असतं. सरकार पैसे बुडवत नाही. रॉकेट उडवणं सरकारचं काम. ही पोरं उद्या गाशा गुंडाळतील.” पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो, “आता सरकार बाजूला झालंय, सगळं खासगीच होणार, थांबलो तर संपलो.” ती स्वतः लिहिते : “काकू, मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. शिवाय मनात एक टोचणी आहे, की जे देशाने पन्नास-साठ वर्षं राबून उभं केलं त्यावर आता कंपन्या पैसे कमावणार आणि मी त्यात हात धुऊन घेणार. अवकाश हे सरकारचं काम की कंपन्यांचं, हे एकदा समजलं की मला निर्णय घेता येईल.”

---

तू काकू म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगं करते.

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. सरकारचं काम की कंपन्यांचं हे कळलं की निर्णय होईल असं तुला वाटतं, पण पत्र दोनदा वाचून मला वाटलं की तुम्ही तिघंही एकाच खुंटीला बांधले गेला आहात. वडील सरकारी बाजूने ओढतायत, भाऊ खासगी बाजूने, आणि तू मधे. ती खुंटीच जरा हलवून बघू.

तुझ्या वडिलांनी बावीस वर्षं ज्याचे शाफ्ट केले तो पंपांचा कारखाना सरकारी आहे का? खासगीच. तरी ‘खासगीचा काय भरवसा’ हे वाक्य त्यांच्या तोंडी येतं, कारण त्या कारखान्याचं गेट त्यांना माहीत आहे, स्टोअरमधला माणूस नावाने हाक मारतो, आणि पेमेंट चुकलं तर मोटरसायकल काढून जाता येतं. त्यांचा भरवसा ओळखीवर आहे आणि त्यात काही चूक नाही. फक्त त्याला ‘सरकारी’ हे नाव देऊ नये.

आणि सरकार पैसे बुडवत नाही, हेही तपासून घ्यावं असं वाक्य आहे. मी सत्तावीस वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी उद्योग कर्जांच्या टेबलावर. मिरजेकडचा एक फॅब्रिकेटर होता. एका खात्याचं काम त्याने मनापासून केलं, आणि बिल पास व्हायला चौदा महिने लागले. पैसा न् पैसा मिळाला, पण तोवर ओव्हरड्राफ्टच्या व्याजाने नफा तर खाल्लाच, वर बायकोच्या पाटल्याही खाल्ल्या. पैसे बुडाले नाहीत हे वडिलांचं म्हणणं त्याच्याही बाबतीत खरंच होतं.

म्हणून मी बँकेत प्रत्येक फाइलला एकच प्रश्न विचारायचे, तोच तुला विचारते. हे काम फसलं तर नुकसान कुणाच्या खिशातून जाणार? सरकारी-खासगी हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घे. किर्लोस्करवाडी आपण रेल्वेतून जाताना बघतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना हलवावा लागला तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. त्यांच्या लोखंडी नांगराची कथा तर सगळ्यांना पाठ आहे. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. औंध संस्थानाने स्वतः नांगर ओतले नाहीत, आणि ‘हे व्यापाऱ्याचं काम, आम्हाला काय’ असंही म्हटलं नाही. पडीक जमीन आणि कर्ज देऊन पडण्याची उंची कमी केली. मग तो उद्योग सरकारचा की खासगी? तुझ्या वडिलांच्या शॉपपर्यंत आलेल्या पंपाच्या कामाचं मूळ शोधत गेलीस, तर कुठेतरी तो माळ लागेल.

आता अवकाशाकडे ये. वडिलांना जे ‘सरकारचं रॉकेट’ वाटतं त्याच्या पोटात खासगी कारखान्यांचं काम कधीपासून आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये रॉकेटच्या मोटर केसिंग, म्हणजे इंधनाभोवतीची कवचं होतात, तिथे ऊस आणि रॉकेट एकाच गावात वाढले. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिन तयार होतं. पवईला एल अँड टी. फरक इतकाच होता की ड्रॉइंग इस्रोचं, तपासणारा माणूस इस्रोचा, आणि रॉकेट पडलं तर पडलेलं रॉकेटही इस्रोचं. २० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण फसलं. केसिंग करणाऱ्याने केसिंगचे पैसे परत केले नाहीत. नुकसान देशाने सोसलं, पुढच्या वर्षी पुन्हा उडवलं, आणि त्याच पीएसएलव्हीने २०१७ मध्ये एका फेरीत १०४ उपग्रह सोडले. मे २०२५ मध्ये तेच रॉकेट तिसऱ्या टप्प्यात पुन्हा फसलं, तरी इस्रोला कुलूप लागलं नाही. ‘डोळे झाकून घेतलं असतं’ असं वडील म्हणतात, त्याचा अर्थ मला असा लागतो. त्यांना सरकार हवंय ते पैसे वेळेवर देतं म्हणून नाही. सरकार अपयश पचवू शकतं, म्हणून हवंय. हे त्यांना एकदा बोलून दाखव. आपलं म्हणणं कुणीतरी नीट समजून घेतलं, एवढ्यानेही माणूस निम्मा मऊ होतो.

बदललंय ते हेच. २०२० मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि परवानगीसाठी, हात धरण्यासाठी इन-स्पेस ही संस्था काढली. तिचं मुख्यालय अहमदाबादला. त्याआधी वर्षभर न्यूस्पेस इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी निघाली होती, तिचं काम व्यापार. २०२३ च्या अवकाश धोरणात तर स्वच्छ लिहिलं आहे की इस्रोने रुळलेल्या गोष्टींच्या उत्पादनातून बाहेर पडावं, त्या उद्योगांकडे द्याव्यात, आणि स्वतः नव्या संशोधनाकडे वळावं. पाच पीएसएलव्ही बांधायचं ८६० कोटींचं काम २०२२ मध्येच हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि एल अँड टी यांच्या जोडीला गेलं. छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचं तंत्र २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बोली लावून घेतलं, आणि ती कंपनी पुन्हा सरकारीच आहे! हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये देशातलं पहिलं खासगी रॉकेट उडवलं, चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये. दोन्ही श्रीहरिकोटाहून, इस्रोच्याच अंगणातून. भाऊ म्हणतो सरकार बाजूला झालं. मला तर ते प्रत्येक वळणावर उभं दिसतं.

भावासाठी आणखी दोन गोष्टी सांगते, त्या त्याला आवडतील, कारण अमेरिकेतल्या आहेत.

स्पेसएक्सचं पहिलं रॉकेट फाल्कन-१ लागोपाठ तीनदा पडलं. चौथं उड्डाण २८ सप्टेंबर २००८ ला जमलं, तोवर कंपनीची तिजोरी तळाला गेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात नासाने अंतराळ स्थानकावर बारा फेऱ्या सामान पोचवण्याचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. ‘खासगी क्षेत्राची कमाल’ म्हणून ही गोष्ट सांगतात, आणि कमाल होतीच. पण पहिलं मोठं गिऱ्हाईक कोण होतं तेही सांगावं. दुसरी गोष्ट इरिडियमची. उपग्रह फोनसाठी सहासष्ट उपग्रहांचं जाळं, खर्च पाच अब्ज डॉलरच्या घरात, आणि १९९९ मध्ये दिवाळं. उपग्रह खाली पाडायचीही तयारी झाली होती. २००० साली नव्या मालकांनी अडीच कोटी डॉलरला ते सगळं घेतलं आणि अमेरिकी संरक्षण खात्याने दोन वर्षांचं ७.२ कोटी डॉलरचं काम दिलं, तेव्हा ते तगलं. आपल्याकडेही तोच रस्ता दिसतो. टेहळणीच्या ५२ उपग्रहांची योजना २०२४ मध्ये मंजूर झाली, त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी बांधायचे आहेत. गिऱ्हाईक सरकार.

तेव्हा तुझ्या स्टार्टअपला पहिला प्रश्न हा विचार, की तुमचं गिऱ्हाईक कोण? गुंतवणूकदार किती कोटी घालतायत हे ते आनंदाने सांगतील, वर्तमानपत्रातही छापून आलेलं असेल. गुंतवणूक म्हणजे उधारीवरचा वेळ. उपग्रह सोडायला कुणी पैसे मोजले आहेत का, सरकारी कुठलं काम पदरात आहे का, पुढची दोन उड्डाणं कधी, आणि त्यातलं एक पडलं तर तिसऱ्यापुरते पैसे आहेत का? हे विचारायला लाजू नकोस. व्हॉल्व्हची बॉडी तू देतेस, म्हणजे त्यांच्या उड्डाणात तुझीही जोखीम आहे. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच समज.

परवानगीचंही विचार. १९६७ च्या अंतराळ करारानुसार देशातल्या खासगी कंपनीने अवकाशात काही केलं तरी जबाबदारी त्या देशाची असते. परवानगी देणं आणि लक्ष ठेवणं देशालाच भाग आहे. १९७८ मध्ये रशियाचा अणुइंधनावरचा एक उपग्रह कॅनडात कोसळला, त्याची भरपाई सोव्हिएत सरकारने दिली होती. त्यामुळे इन-स्पेसकडून होकार आल्याशिवाय तुझ्या गिऱ्हाइकाचं रॉकेट हलणार नाही. उड्डाण चार महिने पुढे गेलं की त्यांचा पुढचा हप्ता पुढे जातो, आणि मग तुझं बिल. एकोणसत्तर दिवस का लागले, हे तू त्यांना विचारलंस का? पत्रात लिहिलेलं नाही.

आता टोचणीबद्दल. ती तुझ्या मनात आहे याचं मला बरं वाटलं, म्हणून तिला झटकत नाही. अमेरिकेने १९८४ मध्ये लँडसॅट उपग्रहांच्या छायाचित्रांचा धंदा कायदा करून खासगी कंपनीकडे दिला. एका चित्राची किंमत चढत चढत ४,४०० डॉलरपर्यंत गेली. विद्यापीठं, शेतीवाले, जंगलवाले, सगळ्यांनी हात आखडता घेतला. १९९२ मध्ये कायदा फिरवून सरकारने ते परत घेतलं आणि २००८ पासून चित्रं फुकट केली, तेव्हा त्यांचा वापर कैक पटींनी वाढला. उपग्रह तेच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा पाणी कुठवर पसरलं याचे नकाशे उपग्रहांवरूनच होत होते. पुराच्या वेळी त्या चित्राला कुणी दर सांगितला असता तर? पूर, हवामान, शास्त्र या गोष्टी सार्वजनिक राहिल्या पाहिजेत असं माझं ठाम मत आहे, आणि धोरणं ठरवणाऱ्यांनी ही लँडसॅटची चूक गिरवू नये. पण उपग्रह वर नेणारा ट्रक कुणाचा, यावर मी इतकी अडून बसणार नाही. आणि त्या ट्रकचा व्हॉल्व्ह चोख करून त्याचे पैसे घेणं म्हणजे हात धुऊन घेणं नव्हे. देशाने जे शिकवलं ते थुंबा आणि श्रीहरिकोटाच्या उड्डाणतळांवरच राहावं असं कुणालाच वाटत नव्हतं. तुझ्या कॉलेजचा अभ्यासही कुणाच्या तरी करातून झाला, आणि ते ज्ञान आता कुपवाडला आलं. येऊ दे की.

बरं, आता बागेकडे.

१ कोटी ३० लाख, दहा टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर हप्ता महिना २ लाख १६ हजारांच्या आसपास. वर्षाला सव्वीस लाख. समोर आहे ‘साठ लाखांपर्यंत’ काम. या ‘पर्यंत’ने मी बँकेत असताना फार झोप घालवली आहे. वीस लाख हेही साठ लाखांपर्यंतच असतं. साठच्या साठ आले, तरी त्यातून कच्चा माल, टूल, वीज, पगार जाऊन हप्ता निघेल का ते कागदावर मांड. मांडणी करताना रॉकेटचं काम सहा महिने शून्य आहे असं धर आणि मग बघ हप्ता कुठून येतो. पंपाच्या कामातून येत असेल तर पुढे बोलू.

त्यासाठी मशिनचा विचार रॉकेटपासून सुरू करू नको. फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर पंपाचे इंपेलर होतात, डाय होतात, वैद्यकीय इम्प्लांट होतात, संरक्षणाची कामं होतात. तुमच्या बावीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला गुंतागुंतीचा इंपेलर कुणीतरी पुण्याहून करून देत असेलच; तो तू करून दिलास तर? वडिलांना मशिन पटवायचं असेल तर या दाराने जा. शिवाय मधली पायरी आहेच. आहे त्या व्हीएमसीवर रोटरी टेबल बसवून चौथा अक्ष घेता येतो, बऱ्याच व्हॉल्व्ह बॉडी दोन-तीन सेटिंगमध्ये त्यावर निघतात. किंवा कोल्हापूर-पुण्याकडे फाइव्ह-अ‍ॅक्सिस रिकामं असलेला एखादा शॉपवाला गाठून तासावर मशिन घे आणि पहिले सहा महिने असेच काढ. नफा कमी होईल. पण सहा महिन्यांत स्टार्टअप कसं वागतं ते बागेवर बोजा न चढवता कळेल.

बोजावरून आठवलं, आणि हे मी माजी बँकवाली म्हणून जरा ओशाळून सांगते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राची पतहमी योजना आहे, बँकेत तिला सीजीटीएमएसई म्हणतात. तिच्यात तारण न देता कर्ज मिळू शकतं. हमीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून पाच कोटींची दहा कोटी झाली. तुझं कर्ज त्यात कुठल्या कुठे बसतं. वर्षाला थोडी फी लागते, बँक आधी नाक मुरडते, कारण समोर राहतं घर आणि द्राक्षबाग दिसत असताना हमीचे फॉर्म कोण भरत बसणार! आम्हीही तेच करायचो. तू लेखी माग. ‘या योजनेत माझा अर्ज घ्या, नाकारत असाल तर कारण लेखी द्या’ एवढं म्हटलं की टेबलावरचा सूर बदलतो. फार तर मशिन स्वतः तारण राहील. घर आणि बाग दोन्ही एका व्हॉल्व्हसाठी लावायचं, याला माझा नकार आहे, आणि तो नकार स्टार्टअप खासगी आहे म्हणून नाही. इस्रोची ऑर्डर असती तरी हेच म्हटलं असतं.

मग करार. उद्यम नोंदणी आहे ना? तिचा नंबर प्रत्येक बिलावर छाप. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. वेळेत पैसे न दिल्यास गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात लगेच दाखवता येत नाही, अशीही तरतूद आहे. पण जे स्टार्टअप अजून नफ्यातच नाही त्याला या काठीचा मार लागत नाही, हे लक्षात ठेव. आणि कायदा देणेकऱ्याच्या खिशात पैसे असतील तोवरच कामाचा. म्हणून अ‍ॅडव्हान्स माग, निदान तीस टक्के. टायटॅनियम, इन्कोनेलसारखा महाग माल त्यांनी पुरवायचा, तू फक्त कापायचा. फिक्स्चर बनवायचा खर्च वेगळा आणि आधी. ऑर्डर अर्ध्यात रद्द झाली तर मशिनवर चढलेल्या नगांचे पैसे मिळाले पाहिजेत. रिजेक्शन कुणाच्या मापावर ठरणार, तुझ्या सीएमएमच्या (मापं घेणाऱ्या यंत्राच्या) की त्यांच्या, हे लिहून घे. तुझे दोन नग कशावरून गेले ते तू लिहिलं नाहीस, पण आतल्या आडव्या छिद्राच्या काठाला राहिलेल्या धातूच्या कुसावरून (बर) गेले असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

नासाने माणसं नेण्याचं काम २०१४ मध्ये एकाला न देता दोघांना दिलं. बोईंगला ४.२ अब्ज, स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलर, आणि ठरलेल्या किमतीत. वर लागलं तर ज्याचं त्याने बघायचं. लोकांनी दोघांना कशाला म्हणून विचारलं. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स बोईंगच्या यानातून आठेक दिवसांसाठी गेल्या, यानात बिघाड निघाला, ते रिकामं परत आणलं, आणि त्या मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून उतरल्या. नासाने पुरवठादार दोन ठेवले, तू गिऱ्हाइकं दोन ठेव. पुण्यात विमानांच्या भागात पाच वर्षं काढलीस, एएस९१०० हे विमान-अवकाश उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र म्हणजे काय, ते तूच मला सांगशील. हीट नंबर, टेस्ट सर्टिफिकेट, कॅलिब्रेशनच्या नोंदी, प्रत्येक नगाचा जन्मदाखला ठेवण्याची जी शिस्त आहे ती आपल्या वसाहतीत फार थोड्यांकडे आहे. मशिन कर्जाने कुणीही आणेल. ते प्रमाणपत्र आधी काढ. त्याचा खर्च मशिनच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि त्यावर इस्रोच्या केंद्रांकडे विक्रेता नोंदणी, संरक्षणाची कामं, मोठ्या कंपन्यांची दुय्यम कंत्राटं, सगळीकडे दार वाजवता येतं. म्हणजे वडिलांची ‘इस्रोची ऑर्डर’ही कदाचित याच वाटेने येईल, थेट नाही तरी वालचंदनगर किंवा विक्रोळीमार्गे. रॉकेटचं काम एकूण उलाढालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर पहिली तीन वर्षं जाऊ देऊ नको. अकरा घरं त्या शॉपवर आहेत.

असेच छोटे शॉपवाले इतरही मला लिहितात, कुणी विजेच्या गाड्यांचं काम घेऊ का म्हणून, कुणी ड्रोनचं. त्यांच्याही फाइलला वरचेच प्रश्न लावावेत.

राहिले वडील. त्यांना चांद्रयानाचे व्हिडिओ दाखवू नकोस, आणि भावाला सांग की त्यांच्यासमोर ‘फ्युचर’ हा शब्द नको. स्टार्टअपकडे जायची वेळ ठरव आणि वडिलांना बरोबर ने. सांगलीहून रात्रीच्या गाडीत बसा. तिथे पोचल्यावर तू गप्प बस. शॉप फ्लोअरवर फिरताना भंगाराचा ढीग कसा ठेवलाय, स्टोअरमध्ये नगांना टॅग आहेत का, माल उतरवून घेणारा माणूस कागद वाचतो का, हे तुझ्या वडिलांना पाच मिनिटांत कळेल. मला आणि तुला पाच बैठकांत कळणार नाही. ओळखीवर भरवसा ठेवणारा माणूस आहे, त्याला ओळख करून घ्यायला वाव दे. ‘तुमचं गिऱ्हाईक कोण’ हा प्रश्नही त्यांनाच विचारू दे. परतताना ते नाही म्हणाले तर का, ते नीट ऐक. तो नकार आणि आत्ताचा नकार यात फरक असेल.

दसऱ्याची मुदत बँकेची आहे, तुझी नाही. ऑक्टोबर छाटणी तोंडावर असताना सातबारा बँकेच्या टेबलावर पडून असेल तर उद्याच जाऊन घेऊन ये. मंजुरीपत्रावर सही झालेली नसेल तर कागद मागताना कुणी अडवत नाही. जाताना पतहमीचा अर्ज बरोबर ने, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नको.